पाचशे वह्या आणि लाखभर डोळे

हाताने काही बनवून विकणाऱ्यांचा मेळावा भरला की त्यात एक परिसंवाद हमखास असतो आणि त्याचा विषयही ठरलेला असतो: दर्जा महत्त्वाचा की मार्केटिंग? अशाच एका परिसंवादाला नुकतीच जाऊन आले. एका बाजूला मातीकाम करणारे एक ज्येष्ठ गृहस्थ होते. ते म्हणाले, चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही, काम बोलतं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या बाजूला ब्रँडिंगचे वर्ग घेणारा एक तरुण होता. तो म्हणाला, वीस टक्के वेळ बनवा, ऐंशी टक्के वेळ दाखवा. दिसतं तेच विकतं. पुन्हा टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी साबण बनवणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही वेळा सारख्याच मनापासून टाळ्या वाजवल्या आणि मधल्या सुट्टीत मला हळूच विचारलं, "तुम्ही कुरिअरचा खर्च किमतीतच धरता की वेगळा लावता हो?" दोन तासांच्या चर्चेत हा प्रश्न व्यासपीठावरच्या कुणालाच पडला नव्हता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या वादात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने वावरतात. एक दिसणं, दुसरी विकणं. ज्येष्ठांना दिसण्याचा तिटकारा आहे, म्हणून ते विकण्यालाही नाक मुरडतात. तरुणाला दिसण्याची चटक आहे, म्हणून त्याला वाटतं दिसलं की विकलं गेलंच. मला वाटतं, छोट्या सर्जनशील व्यवसायाला विक्री टाळता येत नाही आणि टाळूही नये. वस्तू बनवणं जिथे थांबतं तिथून पुढचं अर्धं काम म्हणजे विक्री. मात्र रोज काहीतरी दाखवत राहण्याचा जो रतीब आज या व्यवसायांच्या गळ्यात मारला जातोय, त्याचं आणि विक्रीचं नातं फार पातळ आहे. मी हाताने वह्या बांधते. जुजबंदी शिवणीच्या, म्हणजे घडी घातलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे (जुज) दोऱ्याने एकमेकांना शिवलेल्या, पुठ्ठ्यावर कापड चढवलेल्या. या दोन्ही चुका मी स्वतः केलेल्या आहेत, आणि त्याही याच क्रमाने. सुरुवातीची काही वर्षं काम बोलेल म्हणून वाट पाहिली, नंतरची काही वर्षं मीच अखंड बोलत सुटले.

'काम बोलतं' हे वाक्य इतकं भारदस्त आहे की त्याची उलटतपासणी कुणी करत नाही. बोलतं, पण कुणाशी? कपाटातल्या वह्या कपाटाशी बोलतात. या पक्षाचा आवडता साक्षीदार म्हणजे डच चित्रकार व्हॅन गॉग. हयातीत त्याला जवळजवळ गिऱ्हाईकच मिळालं नाही, पण काळाने न्याय केला, असं सांगितलं जातं. काळाने केला? 1890 मध्ये तो गेला, पुढच्या जानेवारीत त्याचा भाऊ थिओ गेला, आणि घरभर चित्रं उरली ती थिओच्या बायकोकडे. योहाना व्हॅन गॉग-बोंगर तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, पदरी वर्षाचंही न झालेलं मूल. तिने लोकांना पैसे घेऊन राहायला ठेवण्याचं घर चालवलं आणि त्याच्या जोडीला ही चित्रं जगापुढे आणली. समीक्षकांना पटवलं, प्रदर्शनांना चित्रं पाठवली, कोणतं विकायचं आणि कोणतं राखून ठेवायचं हे ठरवलं, विक्रीचे हिशोब वहीत लिहिले. 1905 साली अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात चारशेहून अधिक कामांचं प्रदर्शन तिने उभं केलं. 1914 मध्ये व्हॅन गॉगने थिओला लिहिलेली पत्रं प्रसिद्ध केली. सूर्यफुलांचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीला द्यायला ती आधी नाही म्हणाली आणि 1924 मध्ये तयार झाली. तीस-बत्तीस वर्षांच्या या चिकाटीला आपण 'काळ' म्हणतो. विकणाऱ्याचं नाव पुसायची याहून सोयीची पद्धत नसेल.

दुसरा युक्तिवाद असा येतो की पूर्वीचे कारागीर कुठे जाहिरात करत होते? खरंय, बहुतेक करत नव्हते. पण का करत नव्हते हे विचारायला नको का? मध्ययुगीन युरोपातल्या कित्येक शहरांत कारागिरांच्या संघांनी बाहेरच्याला शहरात माल विकायची बंदी घातलेली असे, उस्तादांची संख्या मर्यादित ठेवलेली असे. जोडे हवेत तर ठरलेल्या चार दारांपैकी एकावर जायचं. तिथे काम बोलत नव्हतं, गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायची सोय नव्हती. आणि बहुतेक काम मागणी आल्यावर होत असे. गिऱ्हाईक आधी, वस्तू नंतर. हा क्रम उलटला की विक्री आलीच. आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने न्यूरेंबर्गमध्ये लाकडी ठशांची आणि कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांची चित्रं कुणी न मागता छापायला घेतली, तेव्हा त्याला ती विकणारी माणसंही नेमावी लागली. त्याची आई जत्रेत ही चित्रं विकायची, बायको आग्नेस फ्रँकफर्टच्या बाजारात घेऊन जायची, आणि 1497 पासून परगावी विकायला पगारी माणूस होता. चित्रावरची ती ए आणि डी ही अक्षरं आज आपण सही म्हणून कौतुकाने पाहतो. बाजारात ती मालाची खूण होती.

आग्नेसचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं आहे. ड्यूरर 1528 मध्ये गेला. दोन वर्षांनी त्याचा विद्वान मित्र पिर्कहायमर याने एका पत्रात लिहिलं की या हावरट, कजाग बाईने पैशासाठी त्याला राबवून राबवून मारलं. हे पत्र पुढच्या पिढ्यांनी शतकानुशतकं खरं मानलं. कलावंत तो प्रतिभावंत, आणि त्याच्या चित्रांचे पैसे आणणारी ती हावरट! कामाची ही वाटणी पाचशे वर्षांत फारशी बदललेली नाही. आजही अनेक छोट्या कला-व्यवसायांत एक जण 'कलाकार' असतो आणि पार्सलं बांधणारी, थकलेल्या पैशांची आठवण करून देणारी, "नाही, याहून कमी नाही होणार" म्हणणारी व्यक्ती जरा खालच्या दर्जाची समजली जाते. बहुतेक वेळा ती घरातली बाई असते आणि बिनपगारी असते.

तरीही 'काम बोलतं' म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मला मनापासून पटतो. बाजाराकडे डोळा लागला की हात बिघडतो. माझा बिघडला होता. मध्यंतरी मी वहीच्या कव्हरचं कापड फोटोत कसं दिसेल यावरून निवडायला लागले. गडद हिरवं, किंचित चमक असलेलं कापड पडद्यावर झकास दिसायचं, पण त्याच्या कडा सहा महिन्यांत पांढऱ्या पडायच्या. राखाडी जाडंभरडं कापड वापरता वापरता सुंदर होत जातं, फोटोत मात्र ते पोत्यासारखं दिसतं. मी राखाडी बंद केलं. यात वाईट इतकंच नव्हतं की माल कमअस्सल झाला. वही बांधताना माझं लक्ष तिच्या सहा महिन्यांनंतरच्या रूपावरून उडून पहिल्या मिनिटाच्या रूपावर बसलं होतं. ज्येष्ठांना हीच भीती वाटते, आणि ती अनाठायी नाही.

पण इथे हात कुणी बिघडवला? विकण्याने की दिसण्याने? हिरव्या वहीची तक्रार ज्या बाईंनी केली त्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. त्यांनी कडा पांढऱ्या पडलेली वही पुन्हा आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "आधीची बरी होती." फोटोला शाबासकी देणाऱ्यांपैकी एकाही माणसाला हे कळणं शक्य नव्हतं, कारण त्यांनी वही हातात घेतलीच नव्हती. विकलेली वस्तू परत येते, तिच्या खोडी घेऊन येते. निव्वळ दिसलेली वस्तू कधी परत येत नाही. अठराव्या शतकातला इंग्रज कुंभार जोसाया वेजवूड याच्याइतका हिकमती विक्रेता कुंभारकामाच्या इतिहासात शोधून सापडणार नाही. 1765 मध्ये इंग्लंडच्या राणी शार्लटसाठी चहाचा संच केला आणि त्या मलईरंगी भांड्यांना 'राणीची भांडी' असं नावच देऊन टाकलं. लंडनमध्ये जेवणाची टेबलं मांडून दाखवणारं दालन काढलं. आणि हाच माणूस एका नव्या प्रकारच्या मातीसाठी हजारो चाचण्या घेत होता, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक टाकून त्याची नोंद वहीत ठेवत होता. भट्टीचं तापमान मोजण्याच्या त्याच्या युक्तीबद्दल 1783 मध्ये त्याला लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचं सदस्यत्व मिळालं. त्याचा कारखाना छोटा नव्हता आणि त्याच्या सगळ्या क्लृप्त्या अनुकरणीय आहेत असंही मी म्हणत नाही. पण विकणारा हात म्हणजे बेफिकीर हात, हे समीकरण त्याच्यापुढे टिकत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण आज जोर तिचा आहे. तिचंही आधी जमेला धरते. एकेकाळी हाताने केलेली वस्तू लोकांपुढे यायची तर एखाद्या दालनाच्या मालकाची मर्जी लागायची, ओळखी लागायच्या. मोबाइलने ती दारं उघडली. ज्यांना कुणी उभं केलं नसतं अशी कित्येक माणसं आज आपल्या हातावर पोट भरतात, आणि ज्येष्ठांनी याला 'उथळपणा' म्हणून हिणवणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांची पहिली प्रदर्शनं कुणाच्या शब्दाखातर लागली होती तेही विचारून पाहावं. शिवाय हेही खरं की समाजमाध्यमांच्या या मंचांवर जो वारंवार टाकतो त्याचंच पुढे ढकललं जातं. तरुण खोटं बोलत नव्हता.

पण पुढे ढकललं जातं ते काय? मी एकदा जुज शिवतानाचा छोटा व्हिडिओ टाकला. सुई घडीतून आत जाते, मेण लावलेला दोरा कागदातून सर्रर्र करत ओढला जातो, बस. तो इतका फिरला की ओळखीच्या लोकांनी मलाच तो 'बघ, तुझ्यासारखंच काम' म्हणून पाठवला. प्रतिक्रिया वाचून आठवडाभर जमिनीवर पाय नव्हते. महिनाअखेरीस हिशोबाला बसले तर त्या व्हिडिओवरून आलेल्या ऑर्डर होत्या सहा. प्रतिक्रिया पुन्हा वाचल्या तेव्हा उलगडा झाला. 'दोऱ्याचा आवाज काय शांत वाटतो', 'झोपायच्या आधी रोज बघते', 'पुढचा कधी?' त्या माणसांना माझी वस्तू मिळाली होती. तो व्हिडिओच त्यांची वस्तू होता, आणि मी तो फुकट वाटला होता. त्यांना वही नको होती, पुढचा आवाज हवा होता. मग मी काय करावं? शहाणपण सोडून पुढचे चाळीस व्हिडिओ केले. त्या काळात माझा माल होता करमणूक आणि वह्या होत्या तिचा उपपदार्थ.

दिसण्याला विक्री समजण्याची मोठी किंमत आपल्याकडे राजा रविवर्म्याने मोजली आहे. 1894 मध्ये त्याने मुंबईत घाटकोपरला ओलिओग्राफचा, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांचा, छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही तिथलेच. त्या छापखान्याने केलं ते अचाट होतं. लक्ष्मी कशी दिसते, सरस्वती कशी बसते, हे पुढच्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत त्याने ठरवून दिलं. भिंतीभिंतीवर दिसणारा चित्रकार याहून कोण? आणि व्यवसाय? प्लेगच्या दिवसांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला, कर्ज वाढत गेलं आणि अखेर तो फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकावा लागला. त्याच श्लायकरने पुढे देवादिकांच्या चित्रांच्या जोडीला लेबलं, पोस्टकार्डं असली सटरफटर कामं छापून तो चालवून दाखवला. प्लेगला रविवर्मा जबाबदार नव्हता, आणि त्याची चित्रं उत्तम होती यातही शंका नाही. पण उत्तम काम आणि सर्वत्र दिसणं या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असूनही धंदा बुडू शकतो, याचा याहून ठळक दाखला मला माहीत नाही. परिसंवादातले दोन्ही पक्ष एकत्र केले तरी भागत नाही, असा त्याचा अर्थ.

त्यात आजचा मंच आपला नसतो, भाड्याचा असतो. इन्स्टाग्रामने 2016 मध्ये पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडून स्वतःच्या पसंतीक्रमाने दाखवायला सुरुवात केली. फेसबुकने 2018 च्या जानेवारीत व्यवसायांच्या पानांपेक्षा नातेवाईक-मित्रांच्या पोस्टना झुकतं माप द्यायचं ठरवलं. 29 जून 2020 ला भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि लाखो अनुयायी असलेली माणसं एका रात्रीत अनोळखी झाली. हस्तकलेच्या बाजारासाठीच 2005 मध्ये सुरू झालेल्या एट्सी या संकेतस्थळाने 2022 च्या एप्रिलमध्ये प्रत्येक विक्रीवरचं शुल्क 5 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेलं, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवून निषेध केला. शुल्क मात्र तेच राहिलं. यातल्या कुणाला मी दोष देत नाही, जागा त्यांची, नियम त्यांचे. पण दुसऱ्याच्या ओट्यावर बसून धंदा करणाऱ्याने ओटाच आपला व्यवसाय आहे असं समजू नये, इतकं तरी वर्गात शिकवायला हवं की नको?

तरुणाच्या सल्ल्यातली खरी चूक साध्या गुणाकारात आहे. मी दिवसाला दोन वह्या बांधते. वर्षाचे कामाचे अडीचशे दिवस धरले तर पाचशे वह्या होतात. याहून जास्त बांधायच्या तर माणसं ठेवावी लागतील, मग व्यवसाय वेगळा, गणित वेगळं. या पाचशेतल्या काही वह्या तीच माणसं पुन्हा घेतात, काही जण भेट द्यायला एकदम पाच-सहा घेतात. म्हणजे वर्षाला मला फार तर तीनशे माणसं हवीत. तीनशे! एका मोठ्या लग्नात याहून जास्त जेवून जातात. मग लाखभर डोळ्यांसाठी माझ्या कामाच्या पाचातले चार दिवस का जावेत? ते गेले तर दिवसाला दोन कुठल्या, वर्षाला शंभरच वह्या होतील, आणि त्या शंभर विकायला मी लाखभर लोकांपुढे नाचत असेन. ऐंशी-वीसचं सूत्र ज्या धंद्यात एक वस्तू बनवून तिच्या कितीही प्रती विकता येतात तिथे चालत असेल. हाताला मर्यादा असलेल्याला ते देणं म्हणजे विहिरीवर धरणाचे दरवाजे बसवणं.

यावर एक सडेतोड आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. तीनशे गिऱ्हाइकं आभाळातून पडत नाहीत. तीनशे मिळायला तीस हजारांना दिसावंच लागतं. सुरुवातीला तरी हे बरोबर आहे. पण मी माझ्याच जुन्या नोंदी काढून बसले तेव्हा दिसलं की गळती भलतीकडेच होती. माझ्याकडून वही घेतलेली माणसं कुठे गेली हे मला ठाऊकच नव्हतं! नव्यांना बोलावण्यात मी इतकी गुंतले होते की आलेल्यांचं नाव-पत्ता, कोणता कागद घेतला, कशासाठी घेतला, यातलं काहीच लिहून ठेवलं नव्हतं. हंडा भरत नाही म्हणून मी नळ मोठा करत होते, तळ पाहिलाच नव्हता. ड्यूररने 1520-21 मध्ये नेदरलँड्सचा प्रवास केला तेव्हाची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. तीत महान कलावंताचं चिंतन शोधणाऱ्याची निराशा होईल. पानोपानी आहे ते हेच: कुणाला कोणती चित्रं विकली, कुणाला भेट दिली, बदल्यात काय मिळालं, जेवणाला किती गेले. मला ती वाचून फार धीर आला.

मग मी एक वही माझ्यासाठी बांधली. (तोवर स्वतःची एकही वही मी वापरलेली नव्हती, हेही कबूल करते.) त्यात प्रत्येक गिऱ्हाईक. दोनशे पानांची वही रोज लिहिणाऱ्याची साधारण सात-आठ महिन्यांत भरते. तो सुमार आला की ज्यांनी परवानगी दिलीय त्यांना दोन ओळी लिहायच्या: वही संपत आली असेल, तसाच कागद हवा की जाड? एवढंच. या दोन ओळींनी चाळीस व्हिडिओंपेक्षा जास्त वह्या विकल्या. काही उत्तरं अशीही आली की "भरली नाही अजून, वेळच होत नाही". त्यांना वही विकायची नसते, हेही कळलं.

बोलायचं काय, हे मला एका प्रदर्शनात कळलं. माझ्या टेबलावर पाटी होती: 'प्रत्येक पानात हातांची ऊब'. चाळिशीच्या एक बाई आल्या, पाटी वाचली नाही, वही उचलली आणि थेट मधोमध उघडून टेबलावर पालथ्या पंजाने दाबली. वही सपाट पडून राहिली. मग पर्समधून शाईचं पेन काढून म्हणाल्या, "कोपऱ्यात एक रेघ मारू का? मागे फुटते का बघायचंय." मारली, पान उलटलं, अंगठा फिरवला. तीन वह्या घेतल्या. पुढच्या प्रदर्शनात मी पाटी बदलली: 'पूर्ण सपाट उघडते. शाई मागे फुटत नाही. पेन इथे ठेवलंय.' त्या दिवसापासून माझं टेबलाशी उभं राहून बोलणं निम्मं झालं आणि विक्री वाढली. विकणं म्हणजे गळेपडूपणा असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुली वही आणि शेजारी पेन ठेवून गप्प बसण्याचा प्रयोग करून पाहावा. भिडस्त माणसाला मोठ्याने बोलता येत नाही म्हणून विकता येत नाही, हा गैरसमज आहे. त्याला प्रश्न ओळखता आला पाहिजे.

या सगळ्यात किमतीचा विषय सगळ्यात कमी बोलला जातो, कारण तो ना कलेत बसतो ना कॅमेऱ्यात. दुकानात किंवा दालनात माल ठेवला तर विक्रीच्या किमतीतला निम्म्यापर्यंतचा वाटा त्यांच्याकडे जाऊ शकतो. पुष्कळ जण हे कळल्यावर 'लूट' म्हणून चिडतात. मीही चिडले होते. पण जागा, उजेड, दिवसभर उभा राहणारा माणूस, न विकला गेलेला माल सांभाळणं, हे कोण करतं? खरी गोची अशी की आपण आपली किंमत कागद, कापड आणि थोडी मजुरी एवढ्यावर ठरवतो आणि घरून त्याच किमतीला विकतो. मग दुकानदाराने वाटा मागितला की उरत काहीच नाही. किंमत फक्त दुकानात वाढवली तर गिऱ्हाईक दुकानात बघतं आणि घरी येऊन स्वस्तात नेतं, आणि दुकानदार पुन्हा दारात उभं करत नाही. विकण्याचा वाटा पहिल्या दिवसापासून किमतीत धरायला हवा, मग विकणारं कुणीही असो. आपण स्वतः विकलं तर तो वाटा आपल्या विकण्याच्या कामाची मजुरी. विकणं हेही काम आहे हे ज्याला पटत नाही, त्याच्या किमतीत ती मजुरी कधी येतच नाही.

आणि साबणवाल्या बाईंचा प्रश्न? मी त्यांना सांगितलं ते असं. खर्च वेगळा लावला तर शेवटच्या पायरीला आकडा वाढलेला दिसतो आणि माणूस तिथूनच परत फिरतो. किमतीत धरला तर टेबलावरून हातात घेऊन जाणारा न झालेल्या प्रवासाचे पैसे भरतो. मी जवळच्या पल्ल्याचा खर्च किमतीत धरते, त्यापलीकडचा फरक आधीच स्पष्ट लिहून वेगळा घेते, आणि प्रदर्शनात तेवढी रक्कम कमी करते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोकं. कुरिअर वजन आणि आकारमान यांत जे जास्त भरेल त्यावर पैसे घेतं. दोन बोटं मोठं खोकं घेतलं की दर वरच्या टप्प्यात जातो. माझ्या पहिल्या वर्षाच्या नफ्यातला बराच भाग मी खोक्यातली हवा पाठवण्यात घालवला होता. बाईंनी पर्समधून पेन्सिल काढून निमंत्रणपत्रिकेच्या मागे हे सगळं लिहून घेतलं. परिसंवादाच्या दोन तासांत त्यांनी काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या मेळाव्यासाठी आयोजकांचा मला फोन आला. वक्ता म्हणून बोलावत होते, विषय तोच. मी म्हटलं, विषय बदलू या: गेल्या वर्षीची तुमची किती गिऱ्हाइकं यंदा परत आली? पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते अगदी आपुलकीने म्हणाले, "ताई, विषय चांगला आहे, पण पोस्टरवर नाही ना चालणार."